अस्वलाची गुहा, दलदलीमागे

१ एप्रिल, बुधवार

अस्वल मीच सोडलं. हे एकदाच इथं लिहून टाकतो, म्हणजे दुसरीकडं कुठं तोंडातनं निसटायला नको.

ही डायरी इर्मानंच माझ्या मागं लावली. म्हणाली, रेमी, रोज काय मोडलंस ते लिहीत जा, हळूहळू मोडायचं कमी होईल. आजवर सगळं किरकोळच लिहिलं. कॉफीचं मशीन. डगच्या खुर्चीचा स्क्रू. आजचं किरकोळ नाही.

काल मंगळवार. मंगळवारी तीन वाजले की इर्मा कोट चढवते, मागच्या दारानं निघते आणि टेकडीवरच्या वृद्धाश्रमात आईला भरवायला जाते. आई आता कुणालाच ओळखत नाही, पण पोटभर खाते ती इर्मानं धरलेल्या चमच्यानंच. हे डगला माहीत नाही. डग मालक, लोकांना वेबसाइट करून द्यायचा त्याचा धंदा. त्याला वाटतं, इर्मा मागच्या खोलीत सर्व्हरपाशी बसलीय. मला माहीत आहे, कारण तिची गाडी बर्फात रुतली की ढकलायला मीच असतो.

तर खुर्ची रिकामी, कॉम्प्युटर उघडा. चालू साइटवर काही चढवायची मला परवानगी नाही, मी शिकाऊ. तिला आहे. बसलो तिच्या खुर्चीत.

नोरीनची जिरवायची होती. नोरीन म्हणजे गाडीसेवेतली बाई. किडन्या गेलेल्या लोकांना घरनं उचलून डायलिसिसला न्यायचं आणि परत सोडायचं, हे काम तिथं रिटायर झालेली माणसं हौसेनं करतात. कुणाला कुठनं उचलायचं ते नोरीन आम्ही करून दिलेल्या साइटवर लावते. गेल्या आठवड्यात एक बटण इकडचं तिकडं झालं, तर फोनवर मला म्हणाली, तुला शाळेतनं काढलं होतं की तू आपणहून गेलास? फोन स्पीकरवर होता. अख्खं ऑफिस हसलं. म्हटलं थांब, एक एप्रिल येतोय.

केलं एवढंच. आज सकाळी तिनं साइट उघडली की प्रत्येकाच्या पत्त्याच्या जागी दिसणार, ‘अस्वलाची गुहा, दलदलीमागे’. दहा वाजता आपोआप गायब. नुसतं दिसणार. देवाशपथ, नुसतं दिसायचंच होतं. ती किंचाळत फोन करणार, मी म्हणणार, बाई, शाळेत भूगोल कच्चा राहिला माझा.

नोरीननं फोन केलाच नाही. डगनं तिला कधीतरी शिकवून ठेवलंय की पान वेडंवाकडं दिसलं तर आधी सेव्ह दाबायचं आणि परत उघडायचं. तिनं एकेक माणूस उघडला आणि सेव्ह दाबत गेली. नीट, शहाण्यासारखं, कुणाला न वगळता.

आणि आमचं पान असं आहे की स्क्रीनवर जे दिसतंय तेच उचलतं आणि सरळ डेटात नेऊन लिहितं. मध्ये विचारणारं कुणी नाही की बाबा, हा पत्ता आहे की अस्वल.

इर्मानं रविवारचा बॅकअप चढवला. सगळ्यांचे पत्ते परत आले, एकाचा सोडून. ओरेस्ट नावाचा म्हातारा सोमवारी नवीन टाकला होता. आजची त्याची पहिलीच फेरी. तो गावाबाहेर रानात राहतो. तिकडं घरांचे नंबर बर्फात गाडलेले, खुणांवरनं जावं लागतं. त्या खुणा त्यानं स्वतः फोन करून सांगितल्या तेव्हा नोरीननं ऐकता ऐकता पत्त्याच्या चौकटीत टाइप केल्या होत्या. कागद ठेवला नव्हता. कागद ठेवायचे नाहीत, हेही डगनंच शिकवलेलं. तिला आता आठवतंय एवढंच की कुठलातरी पूल होता. म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं, फोन वाजत राहतो.

ड्रायव्हर निम्मा जिल्हा फिरून परत आला.

मी दिवसभर खूप काम केलं. इतकं की डग म्हणाला, पोरगा सुधारला.

२ एप्रिल, गुरुवार

सापडला. जिवंत आहे.

हॉस्पिटलकडं त्याच्या नावाला फक्त पोस्टातल्या पेटीचा नंबर होता आणि ती पेटी असते नाक्यावर, घरापासून कोस-दोन कोस लांब. ते आज सकाळी कळलं, मग पोलीस नाक्यावर विचारत गेले. दुपारी सापडला. दाराशीच जमिनीवर पडलेला. अंगात कोट, पायांत बूट, टोपी हातात. बाजूला पिशवी भरून ठेवलेली, तिच्यात चप्पल आणि एक सफरचंद. म्हणजे काल सकाळी तयार होऊन गाडीची वाट बघत बसला आणि बसूनच राहिला.

नोरीन हे डगला फोनवर सांगत होती. फोन परत स्पीकरवर. या वेळी कुणी हसलं नाही. इर्मा उठली आणि आपला कॉफीचा मग धुवून आली. तो धुतलेलाच होता.

३ एप्रिल, गुड फ्रायडे

ऑफिस बंद. बर्फ पडतोय, घाण ओला बर्फ. माझ्या आईनं मासे केले. मला म्हणाली, तोंड का उतरलंय, कुठल्या पोरीनं लाथ मारली? म्हटलं, हो. सोपं पडलं.

इर्माचं ते काचेचं बोलणं सारखं डोक्यात येतंय. ते लिहून ठेवतो, मला नीट समजलंय का ते तरी बघू.

मी आधी आइस हॉकीच्या रिंकवर होतो. बर्फ गुळगुळीत करायचं मशीन चालवायचो आणि स्कोअरबोर्ड सांभाळायचो. एकदा चालू सामन्यात पंचाच्या बायकोचा निरोप बोर्डावर लावला, येताना दूध आण म्हणून. पंच अविवाहित होता. मला काढून टाकलं. गर्दीत इर्मा बसलेली, भाच्याचा सामना बघायला. बाहेर येऊन मला गाठलं आणि म्हणाली, त्या बोर्डाचा पासवर्ड कुणी दिला तुला? म्हटलं, कुणी नाही, अंदाज केला. म्हणाली, सोमवारी ये. डगला तिनं काय सांगितलं देव जाणे. माझ्याकडं सर्टिफिकेट म्हणावं असं एकच आहे, पोहण्याचं.

तर पहिल्याच दिवशी तिनं मला सांगितलं. रिंकला काच असते ना, रेमी? प्रेक्षकानं काचेवर थापा माराव्यात, शिव्या द्याव्यात, तोंडं वेंगाडावीत. चेंडू काही त्याच्या हाताला लागत नाही. आपल्या या साइटला काच नाही. प्रत्येक पान थेट बर्फावर उतरलेलं आहे. एकाच फाइलीत बटणाचा रंगही आहे आणि पत्ता डेटात कसा लिहायचा तेही आहे. रंग बदलायला गेलेला माणूस घसरला तर पत्त्यावर पडणार.

(ती चेंडूच म्हणते. हॉकीतल्या चकतीला चेंडू म्हणणारी या अख्ख्या थंडर बे गावात ती एकटीच असेल. मी एकदा चूक दाखवली, तर म्हणाली, तुझ्याकडनं लपवायचाय तो, नाव कशाला नीट घेऊ.)

तिला काच बसवायची होती. म्हणजे पानानं फक्त मागायचं, आणि मध्ये एक वेगळा भाग असणार, तोच डेटाकडं जाणार, तपासणार, आणणार, लिहिणार. पानाला डेटाचा रस्तासुद्धा माहीत नसणार. दर वर्षी ती डगला म्हणायची, हा हिवाळा मला दे. दर वर्षी डग म्हणायचा, गिऱ्हाइकाला स्क्रीन दिसते, भिंतीआडचं कोण बघतं.

मी तेव्हा हे ऐकून जांभई दिली होती. चांगली मोठी.

६ एप्रिल, सोमवार

आज चौकशी झाली.

डगनं सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं. कोडमध्ये कुणी कधी काय बदललं, त्याची नोंद असते. त्यानं ती उघडली. अस्वलाची ओळ मंगळवारी दुपारी साडेतीनला चढवलेली. नाव इर्माचं. माझ्या कानांत रिंकचं ते मशीन चालू झालं.

डगला खरंच वाटत नव्हतं. त्यानं दोनदा वाचलं. म्हणाला, "इर्मा, हे तू? तू तर वाढदिवसाच्या केकलासुद्धा हसत नाहीस."

इर्मा नोंदीकडं बघत राहिली.  मग खिडकीकडं बघितलं. मी तिच्या बरोबर समोर बसलो होतो, पण माझ्याकडं काही तिनं बघितलं नाही.

"माझं नाव आहे ना तिथं?" ती म्हणाली. "मग माझं."

"पण का?"

"एकदा हसून बघावंसं वाटलं."

डग डोकं धरून बसला. मग ती म्हणाली, "डग, थट्टा कुणी केली हा लहान प्रश्न आहे. थट्टा पत्त्यापर्यंत पोचलीच कशी, ते विचार. उद्या थट्टा नसेल, नुसती चूक असेल. तीही पोचेल."

"दर वर्षीचं नको लावूस आता."

"आता लावते. ऐकायचं असेल तर हेच ऐक."

मी टेबलाखाली मांडी चिमटत होतो. एक गोष्ट मला कळत नाही. मंगळवारी साडेतीनला ती इथं नव्हतीच. टेकडीवर आईपाशी होती. एवढं बोलली असती तरी सुटली असती. नंतर माझ्या डोक्यात उजेड पडला, ती विसरली असणार. वय झालं. इतक्या वर्षांत शेकडो ओळी लिहिल्या असतील, तिला वाटलं असेल, ही पण आपलीच. माणसाला स्वतःवर एवढा संशय येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

नशीब म्हणायचं. म्हणजे माझं.



७ एप्रिल, मंगळवार

तीन वाजत आले तसा मी घड्याळाकडं बघत बसलो. आज ती कोट घालून निघाली आणि डगनं बघितलं, विचारलं कुठं, की संपलंच. त्याला कळणार की मंगळवारी या वेळी खुर्ची रिकामी असते. मग पुढचा प्रश्न, रिकाम्या खुर्चीत बसलं कोण.

तीन वाजले. ती उठली नाही. साडेतीन. चार. पाच वाजेपर्यंत डगच्या डोळ्यांसमोर बसून राहिली, जागची हलली नाही. मध्ये तिचा फोन वाजला. ती हळू आवाजात म्हणाली, नाही, आज जमणार नाही, थोडं पाणी तरी पाजून बघा.

कंटाळली असेल. दर मंगळवारी त्याच त्या म्हातारीला भरवायचं म्हणजे कुणीही कंटाळेल.

मी मात्र सुटलो. जाताना तिच्या गाडीला धक्का मारला. ती काच खाली करून थँक्यू म्हणाली आणि तशीच बसून राहिली, गाडी सुरू असताना. मी हात हलवला, मग निघाली.

९ एप्रिल, गुरुवार

आज सांगणारच होतो. लिहून ठेवतो, कारण हे कुणी मानणार नाही. डगच्या खोलीपर्यंत गेलो. दार ठोठावलं. आत गेलो. तोंडपण उघडलं.

डग म्हणाला, बरं झालं आलास, बस. गाडीसेवेला एक नाव हवंय, त्यांच्या वकिलांना हवंय. मी इर्माचं दिलं, ती पुढच्या मंगळवारपर्यंतच आहे. जाण्याआधी तिला काच बसवायचं काम सुरू करून द्यायचंय, आणि ते पुढं न्यायला तिनं तुझं नाव सांगितलंय. दुसऱ्या कुणाचं नाही, तुझंच. मी म्हटलं, त्या माकडाच्या हातात? तर म्हणाली, त्याच्याच हातात. जिथं जिथं शिरता येतं ते त्याला माहीत आहे, बुजवायलाही त्यालाच येईल.

माझं तोंड अजून उघडंच होतं. त्यातनं काय निघालं, तर, "खुर्चीपण माझीच का?"

डग म्हणाला, चालता हो.

दुपारभर इर्मानं शिकवलं. तिच्या शेजारी बसलो की तिच्या स्वेटरला त्यांच्या फिनिश सॉनाचा, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराचा वास येतो, लाकडाचा, धुराचा. तिनं ते अस्वलाचं पान उघडलं आणि म्हणाली, यातनं डेटाला हात लावणारी प्रत्येक ओळ शोध आणि बाहेर काढ. रंग राहू दे, बटण राहू दे. काढलेली ओळ या दुसऱ्या बाजूला ठेव, तिला एक साधं नाव दे. पत्ता द्या. पत्ता बदला. पान फक्त ते नाव घेऊन हाक मारणार. आणि हाक आली की या बाजूनं विचारायचं, कोण मागतंय, त्याला हक्क आहे का, जे बदलायला सांगतोय ते त्यानं स्वतः टाइप केलंय का.

म्हटलं, म्हातारे, एवढं सगळं तर कस्टमवालेपण विचारत नाहीत.

म्हणाली, म्हणूनच तू हद्दीपलीकडनं फटाके आणतोस, गाढवा.

आम्ही दोघं हसलो. खरंच हसलो. मग मला आठवलं, आणि मला वाटतं तिलाही काहीतरी आठवलं असावं, कारण दोघांचंही एकदमच थांबलं.

१३ एप्रिल, सोमवार

ओरेस्ट गेला. पहाटे. हृदय थांबलं म्हणे. त्या दिवसापासून उठलाच नव्हता.

नोरीनचा फोन आला. डग नव्हता, मीच उचलला. मला वाटलं आता ही मला सोलणार. तिचा आवाजच ओळखू येईना. म्हणाली, तू कॉम्प्युटरवाला आहेस, खरं सांग मला. मी सेव्ह दाबलं नसतं तर राहिला असता ना तो पत्ता? माझ्या हातानंच पुसला ना मी?

यापेक्षा शाळेवरनं बोलली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, नाही हो बाई, तुमचं काही चुकलं नाही, डगनंच तसं शिकवलं होतं. म्हणजे इर्मा आणि नोरीन दोघींच्या गळ्यात घालून भागलं नाही, तिसऱ्याच्याही गळ्यात घातलं. ती म्हणाली, तू चांगला मुलगा आहेस, मी तुला त्या दिवशी उगाच बोलले. आणि रडायला लागली. मी फोन धरून उभा. 

इर्मा बघत होती. मी फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, "काय म्हणाली?"

"म्हणाली, मी चांगला मुलगा आहे."

इर्मा चष्मा काढून पुसत बसली.

ती मयताला जाणार आहे. मला म्हणाली, येतोस का? म्हटलं, मी त्याला ओळखत नव्हतो. म्हणाली, मीही नव्हते.

गेलो नाही.

१४ एप्रिल, मंगळवार

इर्माचा शेवटचा दिवस. केक आणला नव्हता, डगला सुचलं नाही आणि आम्हाला धीर झाला नाही. तिनं खोक्यात आपला मग घातला, कुंडी घातली, सर्व्हरच्या खोलीतली लोकरीची शाल घातली. खुर्चीवरची उशी काढली आणि मला दिली. म्हणाली, पाठीला लागते ती खुर्ची.

मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "रेमी, या खुर्चीत बसलास की स्वतःच्या नावानं बस. माझ्या नावानं नको."

म्हटलं, हो हो, डग आजच नवा पासवर्ड देणार आहे मला.

माझ्याकडं ती बघत राहिली. आमच्या रिंकवर लहान पोरं गोल मारता मारता पडतात, तेव्हा आया काचेपलीकडनं बघतात ना, तसं. आत तर येता येत नाही.

"तेवढंच म्हणायचं होतं," ती म्हणाली.

तीन वाजले होते. या वेळी ती पुढच्या दारानं गेली, सगळ्यांसमोर. गाडी रुतली नव्हती. मी तरी बाहेर जाऊन उभा राहिलो.

१८ एप्रिल, शनिवार

ओरेस्टचं घर शोधलं.

का गेलो ते विचारू नका. नाक्यावरच्या दुकानात त्याचं नाव घेतलं तर दुकानदारानं लगेच सांगितलं. दुसरा पूल ओलांड, निळी टपालपेटी दिसली की डावीकडं वळ, जळलेल्या गोठ्यामागचं घर. एवढं सोपं. अख्ख्या नाक्याला माहीत होतं. नोरीनच्या ड्रायव्हरला कुणी नाक्याचं नाव सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

खिडकीशी खुर्ची आहे. बाहेरनं दिसते. तिथनं सगळा रस्ता दिसतो, पुलापर्यंत. म्हणजे येणारी प्रत्येक गाडी त्याला दिसली असणार, आणि पुढं जातानाही दिसली असणार. आमचा ड्रायव्हर त्या पुलावरनं गेला होता का, हे मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

अंगणातला बर्फ कुणीतरी काढून कडेला नीट रचला होता, ते ढीग अजून तसेच होते. त्यानंच. गाडी वळायला जागा हवी म्हणून. आजारी माणूस, हातात फावडं घेऊन.

दाराशी बसावंसं वाटलं. बसलो नाही. कुणी बघितलं असतं तर काय सांगणार, मी कोण?

२४ एप्रिल, शुक्रवार

त्या पानाला काच बसली. नाव माझं. डगनं नोंद मोठ्यानं वाचून दाखवली आणि टाळ्या वाजवल्या. लोकांनीपण वाजवल्या. आईला सांगितलं तर तिनं मावशीला फोन केला, रेमीला बढती मिळाली म्हणून.

सगळे जेवायला गेल्यावर मी चाचणी घेतली. वेगळ्या कॉम्प्युटरवर, चालू साइटला न लावता. ओरेस्टला परत टाकला. पत्ता मीच टाइप केला. दुसरा पूल, निळी टपालपेटी, डावीकडं, जळलेला गोठा. मग तीच जुनी थट्टा पानात घातली, अक्षरन् अक्षर तीच. स्क्रीनवर आलं, अस्वलाची गुहा, दलदलीमागे. नोरीनसारखं सेव्ह दाबलं. परत दाबलं. वेड्यासारखं दाबत सुटलो.

मग पलीकडं जाऊन डेटा उघडला. दुसरा पूल. निळी टपालपेटी. डावीकडं. जळलेला गोठा. एक अक्षर हललं नव्हतं.

म्हणजे जमतं. म्हणजे ती म्हणत होती ते एवढंच होतं. तिला एक हिवाळा मिळाला असता तर मी एक एप्रिलला अस्वल सोडलं असतं, नोरीननं शिव्या दिल्या असत्या आणि ओरेस्ट आपली पिशवी घेऊन गाडीत बसला असता. आणि मी तिच्या खुर्चीत बसलो नसतो तरी तेच. कुठल्याही बाजूनं मोजलं तरी मी मध्ये येतोच.

ओरेस्टची नोंद पुसायची होती, चाचणीपुरती होती. पुसली नाही.

इर्माला फोन केला. ती आईपाशी होती, मागं चमचा भांड्यावर वाजत होता. म्हणाली, आई आता परत थोडं थोडं खातेय, मध्ये एक मंगळवार चुकला तेव्हापासून तोंडच उघडत नव्हती. मी तिला सगळं सांगितलं, काच बसली, अस्वल आपटून परत गेलं. ती ऐकत होती.

"नाव कुणाचं टाकलंस?" तिनं विचारलं.

"माझं."

"कामावर."

"हो, कामावर. दुसरं कशावर टाकणार?"

  फोन चालूच. तिची आई मध्येच काहीतरी पुटपुटली, त्यांच्या फिनिश भाषेत. इर्मा तिला हो हो म्हणाली. मग मला म्हणाली, "मी इथंच असते, रेमी. मंगळवारीपण, बाकीच्या दिवशीपण." आणि ठेवला.

आता नोकरी नाही तर तिथंच असणार ना. तरी ऐकून मला का रडू यावं कळलं नाही. तिच्या उशीत तोंड घालून रडलो.

यापुढं ही डायरी लिहायची नाही असं ठरवलंय. जाळायची होती, पण तिनं दिलेली आहे. रिंकवर जुनं सामान ठेवतात तिथं, मशीनमागच्या फळीवर टाकतो. कुणाच्या हाताला लागलीच तर, बाबा रे, बाई गं, जे कुणी असशील, तुझ्या पाया पडतो. डगला सांगू नकोस. नोरीनला सांगू नकोस, ती मला चांगला मुलगा म्हणते. माझ्या आईला तर अजिबात नको.

आणि सगळ्यांत आधी, इर्माला सांगू नकोस. तिला खरंच वाटतंय की ते तिनंच केलं. तिला कळलं ना, तर ती माझ्याशी परत कधी बोलणार नाही.